मी मजकूर, एकतीस ओळींचा

मी मजकूर बोलतोय.

वर्तमानपत्रातला नव्हे, दुकानाच्या पाटीवरचाही नव्हे. मी एका प्रोग्राममधला व्हेरिएबल आहे. गणिताच्या पुस्तकात आम्हा मंडळींना 'चल' म्हणतात. पण कोणी कितीही 'चल, चल' म्हटलं तरी मी जागचा हलत नाही. कॉम्प्युटरच्या पोटात एक खण असतो, खणावर नाव चिकटवलेलं असतं. त्या खणात जे ठेवाल ते मी सांभाळतो आणि मागाल तेव्हा जसंच्या तसं काढून देतो. माझ्या खणावर नाव आहे 'मजकूर'.

माझे शेजारी अगदीच किरकोळ. 'वय' नावाच्या खणात दोन आकडे, तेवढ्यानंच तो दमतो. 'डावा की उजवा' या खणात एकच शब्द, पण ऐट अशी की जणू सगळा दवाखाना त्याच्याच जिवावर चाललाय. 'शीर्षक'बाईंकडे एक ओळ. आणि माझ्याकडे? एकतीस! कोणाला किती ओळी झेपतात यावर आमच्यात मान ठरतो. त्या हिशोबानं मी या घरातला थोरला.

माझा जन्म डोळ्यांच्या दवाखान्यात झाला. काउंटरच्या मागे एक अरुंद खोली होती. तिथं जुन्या केसपेपरांची कपाटं, धुऊन आलेल्या हिरव्या चादरींचा ढीग, आणि ढिगाला टेकून एक टेबल. त्या टेबलावरच्या कॉम्प्युटरपुढे ज्या बसायच्या त्यांना सगळे कॉम्प्युटरताई म्हणत. वय तिशीचं, केसांत पेन खोचलेलं, आणि ते पेन शोधण्यात दिवसाची दहा मिनिटं जायची. दवाखान्याचा सगळा प्रोग्राम ताईंनी एकटीनं लिहिला होता. नंबर लावणं, केसपेपर काढणं, चष्म्याची चिठ्ठी छापणं, सगळं.

पण मी जन्मलो तो ताईंच्या हौसेनं नाही. मी जन्मलो तो मोठ्या सिस्टरांच्या घशामुळे.

मोठ्या सिस्टर म्हणजे त्या दवाखान्याचा आवाज. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं की त्या पेशंटला आणि त्याच्याबरोबर आलेल्या माणसाला बाहेरच्या बाकांपाशी उभं करायच्या आणि घरी गेल्यावर काय करायचं, काय नाही, हे एका दमात सांगायच्या. ते शेवटच्या बाकावर ऐकू जायचं, जिन्यावर ऐकू जायचं आणि रस्त्यापलीकडच्या औषधवाल्यालाही ऐकू जायचं. तो म्हणे त्यांच्याच सूचना ऐकून थेंबांच्या बाटल्या आधीच काढून ठेवायचा. बत्तीस वर्षं हे चाललं. मग एके दिवशी घशानं संप पुकारला. घशाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, तीन महिने मोठ्यानं बोलायचं नाही. फारच गरज पडली तर कुजबुजायचं.

आमचे डॉक्टर मितभाषी. ते म्हणाले, "सिस्टर, तुमचं सगळं कागदावर घ्या. ताई छापून देतील. प्रत्येक पेशंटला एक कागद."

सिस्टरांना वाटलं, आपल्याला घरीच बसायला सांगितलंय. त्या काही बोलल्या नाहीत. बोलायची बंदीच होती.

ताईंनी त्याच दिवशी माझा खण तयार केला. खरा मजकूर अजून हातात आला नव्हता, आणि कागदावर जागा कशी दिसते ते पाहायचं होतं. म्हणून ताईंनी माझ्यात तात्पुरतं काहीतरी भरलं. प्रोग्राम लिहिणाऱ्या माणसांची ही खोड असते. तात्पुरतं म्हणून काहीही भरतात, कारण ते कोणी वाचणार नाही अशी त्यांची ठाम समजूत असते. त्यांनी लिहिलं, "सिस्टरांची बडबड इथे येईल".

आणि छापायचं बटण दाबलं.

प्रिंटर काउंटरवर होता. काउंटरवर सिस्टर होत्या.

कागद हातात घेऊन सिस्टर आतल्या खोलीत आल्या. माझं पहिलंवहिलं वाक्य त्यांच्या बोटांत फडफडत होतं.

"बडबड?" त्या कुजबुजल्या. पण ती कुजबुज अशी होती की चादरींचा ढीगसुद्धा दचकला असेल.

"सिस्टर, ते... ते नुसतं टेस्टिंगसाठी..." ताईंनी केसांत पेन शोधायला सुरुवात केली. ते हातातच होतं.

"बत्तीस वर्षं मी बडबड करतेय. बरं झालं, आज लेखी कळलं."

मला मात्र गंमत वाटत होती. जन्मून दहा मिनिटं झाली नाहीत तोवर मी दोन बायकांत भांडण लावलं होतं.

दुसऱ्या दिवशी सिस्टर तीन मोठे कागद भरून लाल शाईनं लिहून घेऊन आल्या. चादरींशेजारी स्टूल ओढलं, ताईंच्या खांद्यामागे बसल्या आणि म्हणाल्या, "मी सांगते तसं लिहायचं. शब्दाला हात लावायचा नाही."

इथून माझं खरं बाळंतपण सुरू झालं.

माझ्यासारख्याला शब्द भरवायचे तर ते अवतरणचिन्हांत घालून द्यावे लागतात. सुरुवातीला एक चिन्ह, शेवटी एक चिन्ह, मधे शब्द. एक ओळ असेल तर काही त्रास नाही. ताईंनी पहिली ओळ लिहिली, सवयीनं एंटर दाबलं आणि दुसरी ओळ लिहायला घेतली. लगेच पडद्यावर लाल रेघ आली.

"हे लाल काय झालं?" सिस्टरांनी विचारलं.

"वाक्य मधेच तुटलं असं त्याला वाटतंय. ओळ संपायच्या आत चिन्ह बंद व्हायला हवं."

"मग माणसानं एका ओळीपुरतंच बोलायचं की काय?"

ताईंनी मग दुसरी रीत धरली. प्रत्येक ओळ वेगळी चिन्हांत घालायची, शेवटी ओळ मोडायची खूण करायची आणि ती माझ्यात आधी होतं त्याच्यामागे जोडायची. जोडायचं तर अधिकचं चिन्ह आणि त्याला चिकटून बरोबरचं चिन्ह. अधिक-बरोबर म्हणजे 'आहे ते राहू दे, त्याला हे जोड'. नुसतं बरोबर म्हणजे 'आधीचं सगळं विसर, आता हे धर'. हा फरक लक्षात ठेवा. एका सासूचा डोळा याच फरकावर टांगला जाणार होता.

ओळी येत गेल्या. हात धुतल्याशिवाय थेंब घालायचे नाहीत. थेंब दिवसातून सहा वेळा. दोन थेंबांमध्ये दहा मिनिटं सोडायची. मी फुगत होतो. मला छान वाटत होतं.

मधे पुन्हा अडलं. सिस्टरांच्या मजकुरात एक ओळ होती की शेजारपाजारचे येऊन "काही होत नाही" म्हणतील, त्यांचं ऐकू नका. आता त्या "काही होत नाही"लाही अवतरणचिन्हं. पहिलं चिन्ह आल्याबरोबर मला वाटलं, झालं, वाक्य संपलं. पुन्हा लाल रेघ.

"ही चिन्हं काढूया का, सिस्टर?"

"का काढायची? लोक असंच म्हणतात. अगदी याच शब्दांत म्हणतात. त्यांच्या तोंडचं त्यांच्याच तोंडी राहू दे."

ताईंनी निमूटपणे त्या चिन्हांच्या आधी एकेक उलटी तिरकी रेघ घातली. म्हणजे मला कळलं, हे चिन्ह खोटं, अजून गप्प बसायचं नाही. तोवर ताईंचा जीव मेटाकुटीला आला होता.

चौदावी ओळ होती, 'आता हे करायचं नाही'. त्याखाली न करायच्या गोष्टींची यादी. चौदावी ओळ जोडून झाली आणि वरच्या मजल्यावरून सिस्टरांना हाक आली. एका आजोबांना चक्कर आली होती. सिस्टर गेल्या. ताईंनी डबा उघडला, दोन घास खाल्ले, फोन करून प्रिंटरची शाई मागवली. सिस्टर परत आल्या, स्टुलावर बसल्या, म्हणाल्या, "डोळा चोळणे."

ताईंनी पंधरावी ओळ लिहिली. अधिक-बरोबर लिहायचं, ते नुसतं बरोबर लिहिलं.

त्या क्षणी मी आधीच्या चौदा ओळी विसरलो. दुखलं नाही, खुपलं नाही, लाल रेघही आली नाही, कारण चूक म्हणावी असं त्यात काही नव्हतंच. विसर म्हणाले, विसरलो. माझ्या दृष्टीनं माझं आयुष्य 'डोळा चोळणे' इथूनच सुरू झालं. त्यामागे आणखी सोळा ओळी जोडल्या गेल्या आणि मला वाटलं, वा, आपण किती भरदार आहोत.

मग नमुन्याचा कागद निघाला. ताईंना धास्ती होती ती शेपूट तुटण्याची. म्हणून त्यांनी आधी शेवटची ओळ पाहिली. 'यात हयगय केलीत तर गाठ माझ्याशी आहे.' आली होती. त्यांनी समाधानानं मान हलवली आणि कागद सिस्टरांपुढे धरला.

"एकदा वाचून बघता?"

"माझंच मला काय वाचून दाखवता? मला पाठ आहे," सिस्टर म्हणाल्या आणि उठून गेल्या. 'बडबड' अजून मनातून गेली नव्हती.

म्हणजे बघा, एकीनं फक्त शेवट पाहिला आणि दुसरीनं काहीच पाहिलं नाही. त्या दिवशी सात ऑपरेशनं होती. सातही जणांना कागद गेले.

छापलेला प्रत्येक कागद म्हणजे मीच. त्यामुळे त्या दुपारी मी सात घरी गेलो. त्यातल्या सहा घरांचं नंतर सांगतो. सातवं घर होतं शिवणाच्या बाईंचं.

शिवणाच्या बाईंनी चाळीस वर्षं घरात शिवणाचा क्लास चालवला होता. अर्ध्या गावाच्या बाह्या त्यांनी शिकवलेल्या मुलींनी बसवलेल्या. मोतीबिंदू वाढला तसं त्यांना सुईत दोरा ओवता येईना. आधी सून ओवून द्यायची. पण सून दोरा ओवताना तो दहा वेळा तोंडात घालायची आणि अकराव्यांदा चुकवायची. सासूबाई शेवटी म्हणाल्या, "तुझ्याकडून दोरा ओवून घेण्यापेक्षा ऑपरेशन सोपं." आणि उजव्या डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलं.

घरात त्या दोघीच होत्या. मुलगा कामासाठी परगावी. दोघींचं वाकडं होतं असं नाही. पण पंधरा वर्षांत दोघींनी एकमेकींना टोमणे मारण्यात चांगलाच हात बसवला होता.

संध्याकाळी सासूबाई सोफ्यावर बसल्या. उजव्या डोळ्यावर प्लास्टिकचं पारदर्शक झाकण, डाव्यात मोतीबिंदू होताच. म्हणजे कागद स्वतः वाचणं अशक्य. सुनेनं पर्समधून मला काढलं, उलगडलं आणि वाचायला लागली.

"घरी गेल्यावर काय करायचं," तिनं वाचलं. ही ओळ शीर्षकबाईंची. त्यांच्याखाली मी.

"डोळा चोळणे."

"काय?"

"डोळा चोळणे, असं लिहिलंय." सून स्वतःच गोंधळली. तिनं पुढची ओळ पाहिली आणि तिचा आवाज जरा खाली आला. "ओणवं होऊन फरशी पुसणे."

सासूबाई सरळ होऊन बसल्या. "हं. पुढे?"

"पाण्यानं भरलेली बादली उचलणे. डोक्यावरून पाणी घेऊन अंघोळ करणे. ऑपरेशन झालेल्या बाजूच्या कुशीवर झोपणे."

"आणि कपडे? कपडे कोणी धुवायचे ते नाही लिहिलं?"

"आई, मी लिहिलेलं नाही. छापलंय इथं."

"छापलंय! सिस्टर मला म्हणेल फरशी पुस म्हणून? अगं, ऑपरेशन डोळ्याचं झालंय, डोक्याचं नाही. वाच, वाच, आणखी काय काय तुझ्या मनात आहे ते तरी कळू दे."

"देवाशपथ आई, बघा तुम्ही." सुनेनं मला त्यांच्या डाव्या डोळ्यापुढे धरलं. त्यांना काळ्या मुंग्यांची रांग दिसली असेल. माझ्या ओळी पांढऱ्यावर काळ्या होत्या, स्वच्छ छापलेल्या होत्या, आणि तरी त्या घरात मला पटवून देता येत नव्हतं की मी छापील आहे.

"शेवटी काय लिहिलंय?"

सून घुटमळली. "यात हयगय केलीत तर गाठ माझ्याशी आहे."

हे मात्र सासूबाईंनी ओळखलं. हे सिस्टरांचंच बोलणं होतं, दोन दिवस त्यांनी ते त्या कुजबुजत्या आवाजात ऐकलं होतं. त्यांच्या चेहऱ्यावर एक बेरकी भाव आला. मला वाटतं त्यांनी मनाशी ठरवलं, हिची परीक्षाच घेऊ.

"ठीक आहे. सिस्टरनं सांगितलंय म्हटल्यावर करायलाच हवं. बादली कुठंय?"

त्या उठल्या. एका हातानं भिंत चाचपत मोरीपर्यंत गेल्या, फडकं घेतलं, स्वयंपाकघराच्या दारात आल्या आणि गुडघ्यावर हात ठेवून खाली वाकायला लागल्या. हळूहळू. सून कधी ओरडतेय याची वाट पाहत.

सुनेच्या हातात मी होतो. ती एकदा माझ्याकडे बघत होती, एकदा सासूकडे. तिच्या हाताला घाम आला होता, माझी कडा ओली झाली. कागद सांगतोय पुस. दवाखान्याचा कागद, वर डॉक्टरांचं नाव, खाली सिस्टरांची धमकी. आपण कोण थांबवणारे? आणि थांबवलं नाही तर उद्या डोळ्याचं काही झाल्यावर बोट कोणाकडे दाखवणार?

सासूबाई आणखी एक वीत खाली गेल्या.

सुनेनं मला खाली टाकलं. सरळ फरशीवर. धावत जाऊन तिनं सासूबाईंना दोन्ही दंडांना धरून उभं केलं.

"कागदावर काहीही असू दे! तुम्ही वाकायचं नाही. मी सांगतेय ना!"

"पण सिस्टर..."

"सिस्टरला मी उद्या बघते. बसा आधी."

सासूबाई बसल्या. आयुष्यात पहिल्यांदा सुनेनं त्यांना असं दटावलं होतं आणि त्यांना राग आला नव्हता. त्यांनी फक्त विचारलं, "म्हणजे खरंच तसं छापलंय?"

"खरंच."

"मला वाटलं, तू रचून वाचतेयस."

"मला ठाऊक आहे तुम्हाला काय वाटलं ते."

मग दवाखान्यात फोन लावला, तर दवाखाना बंद झाला होता. सकाळी साडेनऊला तपासणीला जायचंच होतं. थेंबांचं बाटलीवर औषधवाल्यानं लिहून दिलं होतं म्हणून निभावलं. पण माझी पहिली ओळ सासूबाईंच्या डोक्यातून जाईना. डोळा ऑपरेशनपासून खाजत होता. आणि आता तर छापील परवानगी मिळाली होती.

"ते बाकीचं चुकीचं असेल. पण चोळायचं तेवढं बरोबर असेल बघ. किती खाजतंय म्हणून सांगू. एकदाच. अगदी हळू."

"हात द्या इकडे."

सून त्यांच्यासमोर स्टूल घेऊन बसली आणि त्यांचे दोन्ही हात आपल्या हातांत धरून ठेवले. जेवायच्या वेळेपर्यंत दोघी तशाच बसल्या होत्या. सासूबाई मधून मधून एक हात सोडवून घ्यायचा प्रयत्न करायच्या, सून घट्ट धरायची. टोमणे मारायलाही हात मोकळे लागतात की काय कोण जाणे, त्या वेळात एकही टोमणा झाला नाही. सासूबाईंनी आपल्या क्लासातल्या पहिल्या मुलीची गोष्ट सांगितली, जिनं परकराला खिसा उलटा लावला होता. सून हसली. मी फरशीवरून हे सगळं पाहत होतो. माझ्यामुळे हे घर मोडलं नाही, यात माझं काही कर्तृत्व नव्हतं.

सकाळी साडेनऊच्या ठोक्याला सासूबाई काउंटरपुढे उभ्या राहिल्या आणि मला सिस्टरांपुढे आपटलं.

"सिस्टर, फरशी किती वेळा पुसायची ते लिहायचं राहिलंय."

सिस्टरांनी गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला. पहिली ओळ वाचली. दुसरी वाचली. तिसऱ्या ओळीला त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला, तो घशाच्या डॉक्टरांनी ऐकला असता तर त्यांनी पेशंट सोडून दिला असता. "ताऽऽई!"

ताई धावत आल्या. कागद पाहिला आणि पांढऱ्याफटक पडल्या. "सात," एवढंच त्या म्हणाल्या. "काल सात गेले."

डॉक्टरांनी आधी सासूबाईंना आत घेतलं, दिव्याखाली डोळा तपासला. डोळा उत्तम होता. "चोळला नाहीत ना?" त्यांनी विचारलं. सासूबाईंनी सुनेकडे बोट दाखवलं. "चोळू दिला असता तर ना!"

इकडे ताई नंबर काढत होत्या आणि सिस्टर फोन लावत होत्या. बंदी-बिंदी सगळी गुंडाळून ठेवली होती. प्रत्येक फोनला पहिला प्रश्न एकच, "कालचा कागद वाचलात का?"

एकानं तो घडी घालून फायलीत ठेवला होता. एकीनं त्याच्यावर थेंबांची बाटली ठेवली होती, टेबलाला डाग पडू नये म्हणून. एका घरी त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूला टेलिफोन नंबर लिहिला होता. एका काकांना कागद मिळाल्याचंच आठवत नव्हतं. एक बाई तो रिक्षात विसरली होती. आणि सहावे म्हणाले, "अहो सिस्टर, वाचायचं कशाला? माझ्या बायकोचं ऑपरेशन झालं तेव्हा तुम्ही सांगितलं होतंत की. तसंच करतोय."

सहाही जणांनी मला वाचलं नव्हतं. माझ्या आयुष्यातला हा सगळ्यात मोठा अपमान. आणि सहा डोळे वाचले ते या अपमानामुळेच, हेही मान्य करायला हवं.

शेवटचा फोन ठेवून सिस्टर स्टुलावर बसल्या. ताई पडद्यावर माझी एकेक ओळ तपासत होत्या. पंधराव्या ओळीवर बोट थांबलं.

"हे इथं. अधिकचं चिन्ह राहिलं."

"एवढंसं?" सिस्टर वाकून पाहायला लागल्या. "मुंगीच्या पायाएवढं?"

"माझी चूक आहे, सिस्टर. मी डॉक्टरांना सांगते. आणि... ते 'बडबड' लिहिलं तेही."

सिस्टरांचा आवाज आता खरोखरच बसला होता. हवेसारख्या आवाजात त्या म्हणाल्या, "तू वाच म्हणालीस तेव्हा मी वाचायला हवं होतं. रुसून बसले. साठीला आले तरी रुसते. चल, दोघी मिळून सांगू."

कालपर्यंत 'तुम्ही' होतं, आज 'तू' झालं. ताईंच्या ते लक्षात आलं असावं, कारण केसांतलं पेन त्यांनी उगाचच काढून पुन्हा खोचलं.

डॉक्टरांनी दोघींचं ऐकून घेतलं. म्हणाले, "पुन्हा लिहा. आणि छापण्याआधी कोणाला तरी मोठ्यानं वाचायला लावा." एवढं बोलून ते पुढच्या पेशंटकडे गेले. त्यांच्या मानानं ते भाषणच होतं.

त्याच दुपारी माझा पुनर्जन्म झाला. ताईंनी अधिक-बरोबरची सगळी माळ पुसून टाकली. म्हणाल्या, दुसरी रीत आहे, आधीच करायला हवी होती. सुरुवातीला एकाऐवजी तीन अवतरणचिन्हं घालायची आणि शेवटी तीन. मधे वाटेल तेवढ्या ओळी लिहा, एंटर दाबा, लोकांच्या तोंडचं त्यांच्याच चिन्हांत घाला, मी चूं करणार नाही. तीन चिन्हं एकत्र दिसेपर्यंत माझं पोट बंद होत नाही.

"मग मला काल असं तुकड्या-तुकड्यांनी का बोलायला लावलंस?" सिस्टरांनी विचारलं.

"सवय," ताई म्हणाल्या.

पहिला कागद निघाला तो पुन्हा विनोदीच. पहिली ओळ समासाला, बाकीच्या सगळ्या चार बोटं आत. ताईंनी प्रोग्राम नीटनेटका दिसावा म्हणून माझ्या ओळी आत सरकवून लिहिल्या होत्या, आणि मी त्या रिकाम्या जागाही इमानदारीनं सांभाळल्या. मला काय ठाऊक त्या शोभेच्या आहेत! मला देतात ते मी देतो. ताईंनी हसत हसत सगळ्या ओळी समासाला आणून लावल्या.

मग मोठ्यानं वाचायला कोण? बाहेरच्या बाकावर सासू-सून अजून औषधाची वाट पाहत होत्या. सिस्टरांनी सुनेला बोलावलं. "काल तूच एकटीनं वाचलंस. आजही तूच वाच."

सून वाचत गेली, सासूबाई डोळे मिटून ऐकत गेल्या. 'आता हे करायचं नाही' आलं, त्याखाली 'डोळा चोळणे' आलं, आणि सासूबाईंनी हात वर केला.

"थांब. हे सगळं त्या एका ओळीला बांधलंय. ती ओळ पुन्हा कुठं हरवली तर? किंवा माझ्यासारखीनं अर्ध्यातून ऐकायला सुरुवात केली तर? आमच्यात बटणं लावताना प्रत्येक बटणाला वेगळी गाठ मारतात. एक दोरा सगळ्या बटणांतून नेला तर एक सुटलं की सगळी सुटतात."

सिस्टर ताईंकडे पाहायला लागल्या आणि ताई सिस्टरांकडे.

मग प्रत्येक ओळीला स्वतःची गाठ बसली. डोळा चोळायचा नाही. वाकून फरशी पुसायची नाही. भरलेली बादली उचलायची नाही. माझी कुठलीही ओळ एकटी काढून वाचा, ती खरंच सांगेल. इतका सरळ मी याआधी कधीच नव्हतो. थोडं चुकल्याचुकल्यासारखंही वाटलं, खोडी काढायला जागाच राहिली नाही.

या गोष्टीला आता वर्ष होत आलं. सिस्टरांचा घसा सुधारलाय, पण पूर्वीइतका नाही. पहिल्या बाकापर्यंत आवाज जातो, जिन्यावर जात नाही. त्यांना माझ्यात रोज काहीतरी बदल करावासा वाटायचा आणि त्यासाठी ताईंना हाक मारावी लागायची. शेवटी ताईंनी माझ्या पोटातला सगळा मजकूर उचलून एका साध्या फायलीत ठेवला आणि सिस्टरांना ती फाइल उघडायला शिकवलं. आता माझ्या खणात कायमचं काही राहत नाही. कोणी छापायचं बटण दाबलं की फायलीतून ओळी येतात, मी भरतो, प्रिंटरला देतो आणि रिकामा होतो. दिवसातून सात-आठ वेळा भरायचं आणि सात-आठ वेळा रितं व्हायचं.

सुरुवातीला हे मनाला लागलं. आता मजा वाटते, कारण सकाळी माझ्यात काय येणार ते मलाच ठाऊक नसतं. सिस्टर जेवणाच्या सुट्टीत ताईंच्या टेबलाशी बसून एका बोटानं टाइप करतात. एकतीस ओळींच्या आता चव्वेचाळीस झाल्यात. मांजराला उशीवर घ्यायचं नाही, अशी ओळ आली. नातवाला समोरून बॉल टाकायला लावायचा नाही, अशी आली. प्रत्येक ओळीमागे कोणीतरी एक पेशंट आहे, हे ओळखू येतं.

गेल्या सोमवारी सगळ्यात शेवटी एक नवी ओळ आली, 'हा कागद न वाचता घडी घालणाऱ्यानं काउंटरवर परत यावं, मी तोंडी परीक्षा घेईन.'

आणि त्या घेतात. बाहेरच्या बाकांवर हल्ली एक वेगळंच दृश्य असतं. बायको, मुलगा, जावई, जो कोणी बरोबर आलेला असेल तो मला दोन्ही हातांत धरून ओठ हलवत वाचत बसतो, आणि काउंटरवरून चष्म्याच्या वरून दोन डोळे बघत असतात. काल एका जावयाला सिस्टरांनी विचारलं, "दोन थेंबांमध्ये किती वेळ सोडायचा?" तो म्हणाला, "पाच मिनिटं." त्याला परत बाकावर बसवलं.

तर मंडळी, माझं एवढंच मागणं आहे. कुठल्याही दवाखान्यात, कुठल्याही काउंटरवर तुमच्या हातात माझ्यासारखा लांबलचक कागद आला तर पहिल्या ओळीपासून वाचा, आणि वाचलेलं डोक्याला पटत नसेल तर मला खुशाल फरशीवर टाकून माणसाला विचारा. मला राग येणार नाही. थांबा, कोणीतरी बटण दाबलंय. ओळी यायला लागल्या. आज पंचेचाळीस दिसताहेत.